थायरॉइड मंदावतो तेव्हा शरीरात काय घडते

थायरॉइड ग्रंथी कमी काम करू लागली म्हणून कोणी एका दिवसात आजारी पडत नाही. ताप येत नाही, ठळक अशी वेदना होत नाही. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे शरीराचा वेग थोडा थोडा उतरत जातो आणि तो इतक्या सावकाश उतरतो की ज्याचा उतरतो त्याच्याच ते लवकर लक्षात येत नाही. थकवा कामाच्या ताणावर ढकलला जातो, वाढलेले वजन वयावर, विसरभोळेपणा अपुऱ्या झोपेवर. या आजाराबद्दल जे समजून घ्यायचे आहे त्याच्या मुळाशी ही संथ गती आहे, असे माझे मत आहे. हा आजार संथपणे येतो, त्याचा परिणाम एकेका अवयवाला संथ करत जातो आणि योग्य औषध सुरू झाल्यावरही तो संथपणेच ओसरतो. निदान लांबणे, गरज नसताना गोळी सुरू होणे किंवा पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून रुग्णाने ती परस्पर सोडून देणे, यांतल्या बऱ्याच चुका ही गती ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

ग्रंथी कशी काम करते

मानेच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या थोडी खाली, श्वासनलिकेला बिलगून ही ग्रंथी असते. तिला दोन बाजूंना दोन खंड असतात आणि मधल्या अरुंद पट्टीने ते जोडलेले असतात. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ती असंख्य बारीक पोकळ गोलकांची बनलेली दिसते. प्रत्येक गोलकाभोवती पेशींचा एकच थर असतो आणि आत घट्टसर द्रव भरलेला असतो. तयार झालेली संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, या द्रवात एका मोठ्या प्रथिनाला जोडून साठवलेली असतात आणि हा साठा काही आठवडे ते दोन-तीन महिने पुरेल इतका असतो. शरीरातील दुसरी कोणतीही संप्रेरक-ग्रंथी इतकी मोठी शिल्लक बाळगत नाही. आयोडीनचा पुरवठा काही दिवस तुटला तरी माणूस लगेच आजारी पडत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

या ग्रंथीची मुख्य संप्रेरके दोन. पहिले थायरॉक्सिन, त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ म्हणतात. दुसऱ्यात तीन अणू असतात, ते टी-३. ग्रंथीतून रक्तात मुख्यतः टी-४ सोडले जाते, परंतु पेशींमध्ये प्रत्यक्ष काम करते ते टी-३. यकृत, मूत्रपिंड, मेंदू, स्नायू अशा ठिकाणी टी-४ मधला एक आयोडीन अणू काढून टाकला जातो आणि तिथल्या तिथे टी-३ तयार होते. शरीरात रोज बनणाऱ्या टी-३ पैकी सुमारे ८० टक्के असे ग्रंथीच्या बाहेरच बनते. रक्तातले टी-४ हा म्हणजे कच्चा साठाच, आणि प्रत्येक अवयव आपल्या गरजेनुसार त्यातून पक्का माल करून घेतो. गोळीतून बहुधा केवळ टी-४ देऊन भागते, ते याच व्यवस्थेमुळे.

टी-३ पेशीच्या केंद्रकात शिरते आणि कोणती जनुके चालू राहावीत, कोणती बंद व्हावीत हे ठरवण्यात भाग घेते. जनुक चालू झाल्यावर त्यानुसार प्रथिन बनायचे, ते आपल्या जागी पोहोचायचे आणि मग पेशीचे वागणे बदलायचे, असा हा क्रम असतो. रक्तातील साखर इन्सुलिनमुळे काही मिनिटांत उतरू लागते, तशी घाई इथे नसते. थायरॉइडच्या संप्रेरकांचे बहुतेक परिणाम दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशेबाने उमटतात.

ग्रंथीने किती काम करावे हे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ठरवते. ती टीएसएच नावाचे संप्रेरक सोडते. रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले की टीएसएच वाढते आणि थायरॉइडला अधिक काम करायला लावते. थायरॉक्सिन पुरेसे झाले की टीएसएच उतरते. अहवाल वाचताना गोंधळ होतो तो इथेच. टीएसएचचा आकडा वाढलेला दिसला की थायरॉइड ‘वाढला’ असे सर्रास बोलले जाते, प्रत्यक्षात तो आकडा वाढणे हे ग्रंथी कमी पडत असल्याचे लक्षण असते. शिवाय हे नाते अतिशय संवेदनशील आहे. थायरॉक्सिन थोडेसे घटले तरी टीएसएच कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे थायरॉक्सिन अजून सर्वसाधारण मर्यादेत असतानाच टीएसएच इशारा देऊ लागते.

मंदावण्याची कारणे

जगाचा एकत्रित विचार केला तर आयोडीनची कमतरता हे मोठे कारण ठरते. प्रौढांना रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गर्भवती स्त्रियांना सुमारे २५०. ही मात्रा चिमटीत धरताही येणार नाही इतकी अल्प आहे, पण ती वर्षानुवर्षे मिळाली नाही तर ग्रंथी आयोडीन खेचून घेण्याच्या प्रयत्नात फुगते आणि गलगंड होतो. समुद्रापासून दूर असलेल्या डोंगराळ प्रदेशांत, जिथल्या मातीतून आयोडीन धुऊन गेलेले असते, तिथे हा आजार पूर्वापार दिसत आला आहे. मिठात आयोडीन मिसळण्याचा उपाय त्यावर अत्यंत परिणामकारक ठरला.

जिथे आयोडीन पुरेसे मिळते तिथे मुख्य कारण वेगळे असते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडला परके समजते आणि तिच्या पेशी हळूहळू नष्ट करते. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या काढलेल्या ग्रंथींचा अभ्यास करून त्यांत पांढऱ्या रक्तपेशींची दाटी झाल्याचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने हा आजार आज ओळखला जातो. रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे प्रतिकारशक्तीने ग्रंथीविरुद्ध बनवलेली प्रथिने, विशेषतः थायरॉइडमधील टीपीओ या विकराविरुद्धची प्रतिपिंडे, आढळणे ही त्याची खूण. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो कितीतरी अधिक आढळतो, घराण्यात चालत येतो आणि टाइप-१ मधुमेह, कोड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणात बिघाड होणारा पंडुरोग यांसारख्या आजारांसोबत दिसण्याची शक्यता जास्त असते. प्रतिपिंडे आढळली म्हणजे ग्रंथी आजच बंद पडली असे मात्र नाही. काहींमध्ये ती प्रतिपिंडांसह अनेक वर्षे पुरेसे काम करत राहते.

उरलेली कारणे बहुधा रुग्णाच्या इतिहासातच सापडतात. ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली असणे, अतिसक्रिय थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेले असणे, मानेला किरणोपचार झालेले असणे ही त्यांतली ठळक कारणे होत. मनोविकारासाठी दिले जाणारे लिथियम, हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन आणि कर्करोगावरील काही नवी प्रतिकारशक्ती-उपचारांची औषधे यांमुळेही ग्रंथी मंदावू शकते. आयोडीन अति झाले तरी असेच घडू शकते, म्हणून ‘थायरॉइडसाठी चांगले’ म्हणून विकली जाणारी आयोडीनयुक्त किंवा समुद्री शैवालाची पूरके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही स्त्रियांच्या ग्रंथीला सूज येते. प्रथम काही आठवडे संप्रेरके जास्त होतात, मग कमी पडतात आणि बऱ्याच जणींमध्ये काही महिन्यांनी सर्व पूर्ववत होते. नव्या आईचा थकवा आणि उदासपणा सहज बाळंतपणाच्या खाती टाकला जातो. तो लांबत असेल तर रक्ताची ही एक साधी तपासणी सुचवण्यात कुणी संकोच करू नये, असे मला मनापासून वाटते.

एकेका अवयवावरचा परिणाम

पेशी किती प्राणवायू आणि अन्न वापरतात, म्हणजेच किती उष्णता निर्माण करतात, यावर थायरॉइडचा मोठा ताबा असतो. संप्रेरके कमी झाली की विश्रांतीतला ऊर्जाखर्च घटतो. इतरांना सुखद वाटणाऱ्या हवेत अशा व्यक्तीला थंडी वाजते, हातपाय गार पडतात, घाम कमी होतो. वजनही वाढते, परंतु ते किती वाढते याबद्दल प्रामाणिकपणे सांगायला हवे. केवळ मंद थायरॉइडमुळे होणारी वाढ सहसा थोडक्या किलोंची असते आणि तिचा मोठा भाग शरीरात साठलेल्या पाण्याचा व क्षारांचा असतो. वीस-तीस किलो वजन वाढलेल्या व्यक्तीने सगळा दोष या ग्रंथीला दिला तर गोळी सुरू झाल्यावर तिच्या पदरी निराशाच येते, आणि ही निराशा नंतर गोळी टाकून देण्याचे निमित्त होते.

हृदयाचे ठोके मंद होतात आणि त्यांचा जोरही कमी होतो. रक्तवाहिन्यांच्या भिंती नीट सैल होत नाहीत, त्यामुळे रक्तदाबाचा खालचा आकडा वाढू शकतो. यकृताच्या पेशींवर वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, रक्तातून उचलून घेणारी ग्राहके असतात. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की ती कमी बनतात आणि एलडीएल रक्तातच रेंगाळते. या माहितीचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. एखाद्याचे कोलेस्टेरॉल नव्याने वाढलेले आढळले, तर त्यासाठी स्टॅटिनची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच पाहणे शहाणपणाचे ठरते. ग्रंथीच मंदावलेली असेल तर थायरॉक्सिनने कोलेस्टेरॉल बऱ्याच अंशी उतरू शकते, शिवाय उपचार न झालेल्या अशा रुग्णात स्टॅटिनमुळे स्नायूंना इजा होण्याचा धोका अधिक असतो.

त्वचा कोरडी, जाडसर आणि फिकट होते, नखे तुटतात, केस विरळ होतात, भुवयांची बाहेरची टोके झडतात. आजार बराच वाढला की चेहरा, पापण्या आणि हात सुजल्यासारखे दिसतात, मात्र ही सूज नेहमीच्या सुजेपेक्षा वेगळी असते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात सुजलेल्या पायावर बोट दाबले तर खळगा पडतो. इथे तसा खळगा पडत नाही. त्वचेच्या खालच्या थरात पाणी धरून ठेवणारे चिकट साखरयुक्त पदार्थ साचलेले असतात आणि त्यांनी शोषलेले पाणी बोटाने हलत नाही. हेच पदार्थ स्वरयंत्रात साचले की आवाज घोगरा होतो, जीभ जाड झाली की बोलणे जड होते, झोपेत घोरणे वाढते आणि मनगटातल्या अरुंद मार्गात मज्जातंतूवर दाब आला की बोटांना मुंग्या येतात. वरवर एकमेकांशी संबंध नसलेल्या या तक्रारींमागे कारण एकच असते. पूर्वी हे गूढच होते. विल्यम गल या इंग्रज वैद्याने १८७३ मध्ये अशा स्त्रियांचे वर्णन मांडले, १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी त्या सुजेला मिक्सिडीमा हे नाव दिले, पण हातात उपाय नव्हता. तो १८९१ मध्ये मिळाला. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका रुग्ण स्त्रीला टोचला आणि ती हळूहळू सुधारली. त्यानंतर ती सुमारे २८ वर्षे जगली. उपचाराअभावी जिचे भवितव्य अंधारात होते तिला एका प्राण्याच्या ग्रंथीने इतके आयुष्य दिले, ही घटना मला वैद्यकाच्या इतिहासातील अत्यंत सुंदर घटनांपैकी एक वाटते.

स्नायू दुखतात, आखडतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. स्नायूंची संथ गती तर तपासणीच्या खोलीत डोळ्यांनी पाहता येते. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवतात, पावले मागे मोकळी ठेवतात आणि टाचेच्या वरच्या जाड स्नायुबंधावर रबरी हातोडीने हलकेच ठोकतात. पाऊल झटका देते आणि निरोगी माणसात लगेच पूर्वस्थितीवर येते. थायरॉइड बराच मंदावलेला असेल तर ते झटका देते, पण परतताना रेंगाळते. आकुंचन पावलेल्या स्नायूला सैल होण्यासाठी आतले कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घ्यावे लागते आणि ते काम करणारे पंप संप्रेरकांअभावी सुस्तावलेले असतात. रक्ततपासणी सहज उपलब्ध नव्हती त्या काळात अनुभवी डॉक्टर या एका खुणेवरून निदानाच्या जवळ पोहोचत असत.

आतड्यांची हालचाल मंदावून बद्धकोष्ठ होते. मेंदूच्या बाबतीत लक्ष न लागणे, शब्द चटकन न आठवणे, झोप पुरी होऊनही सुस्ती राहणे आणि उदासपणा ही लक्षणे दिसतात. वृद्ध व्यक्तीत हे सारे स्मृतिभ्रंश समजले जाण्याचा धोका असतो, म्हणून स्मृतिभ्रंशाच्या तपासात टीएसएचचा समावेश असतो. स्त्रियांमध्ये पाळीचा रक्तस्राव वाढतो किंवा पाळी अनियमित होते, बीजनिर्मितीत अडथळा येतो आणि गर्भधारणा लांबू शकते. रक्तातील हिमोग्लोबिन उतरते. शाळकरी मुलांमध्ये खूण निराळी असते, त्यांची उंची वाढणे मंदावते. वर्गातल्या इतरांच्या मानाने मूल उंचीत मागे पडू लागले आणि वजन मात्र वाढत राहिले, तर ते आळशी आहे असा शेरा मारण्याआधी त्याची तपासणी करावी.

अहवाल कसा वाचावा

वरची जवळजवळ प्रत्येक तक्रार निरोगी थायरॉइड असलेल्या माणसालाही असू शकते. त्यामुळे लक्षणांवरून संशय घ्यावा आणि रक्ततपासणीने तो पडताळावा, हाच मार्ग योग्य आहे. बहुतेक प्रयोगशाळांत प्रौढांसाठी टीएसएचची मर्यादा सुमारे ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी दिलेली असते. टीएसएच वाढलेले आणि फ्री टी-४, म्हणजे रक्तातील प्रथिनांना न जोडलेले मोकळे टी-४, कमी असेल तर निदान स्पष्ट असते. टीएसएच थोडे वाढलेले पण फ्री टी-४ सर्वसाधारण असेल, तर त्या स्थितीला सबक्लिनिकल म्हणजे सुप्त स्वरूपाचा आजार म्हणतात, आणि घाई सर्वाधिक होते ती इथे.

टीएसएच दिवसभर एकसारखे नसते, रात्री ते वाढते. एखाद्या मोठ्या आजारातून उठताना ते तात्पुरते चढते. वय वाढते तशी त्याची स्वाभाविक पातळीही थोडी वर सरकते, म्हणून ऐंशी वर्षांच्या व्यक्तीतील ६ हा आकडा आणि पंचविशीतील ६ हा आकडा यांचा अर्थ सारखा नसतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या काही चाचण्यांचे आकडे चुकवतात, त्यामुळे त्या घेत असल्याचे आधीच सांगावे आणि सल्ल्यानुसार तपासणीपूर्वी किमान दोन दिवस थांबवाव्यात. एकदा किंचित वाढलेला आकडा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासला असता अनेकदा आपोआप मर्यादेत आलेला आढळतो. टीएसएच सातत्याने १० च्या वर असेल तर सहसा उपचार सुचवला जातो. त्याखालच्या आकड्यांत वय, लक्षणे, प्रतिपिंडे, हृदयविकाराचा धोका आणि गर्भधारणेची इच्छा यांचा एकत्र विचार करून ठरवतात. सुप्त आजार असलेल्या ६५ वर्षांवरील सातशेहून अधिक व्यक्तींवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात थायरॉक्सिनमुळे त्यांच्या थकव्यात किंवा थायरॉइडच्या लक्षणांत फरक पडला नाही. वयस्कर माणसाच्या किंचित वाढलेल्या आकड्यामागे गोळी घेऊन धावण्याआधी हे लक्षात असावे.

क्वचित दोष थायरॉइडमध्ये नसून पीयूषिकेत असतो. तेव्हा टीएसएच सर्वसाधारण किंवा कमीच दिसते आणि फ्री टी-४ मात्र घटलेले असते. केवळ टीएसएच तपासले तर हा आजार नजरेतून सुटतो. सततची डोकेदुखी, दृष्टीत बदल किंवा पूर्वी पीयूषिकेवर झालेला उपचार असा इतिहास असेल तर दोन्ही आकडे पाहावेच लागतात.

गोळी आणि तिचे वेळापत्रक

उपचार म्हणजे शरीरात जे कमी पडले तेच बाहेरून देणे. एडवर्ड केंडल यांनी डिसेंबर १९१४ मध्ये थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करण्यात यश आले. आजची लेव्होथायरॉक्सिनची गोळी शरीरातील टी-४ सारखीच असते. ग्रंथी पूर्णपणे निकामी झालेल्या प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला साधारण १०० मायक्रोग्रॅम. ग्रंथी थोडेफार काम करत असेल तर कमी पुरते. वृद्धांना आणि हृदयविकार असलेल्यांना १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवतात, कारण संथ चालीची सवय झालेल्या हृदयावर एकदम भार पडला तर छातीत दुखणे किंवा ठोक्यांत अनियमितता उद्भवू शकते.

गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. सकाळी ते जमत नसेल तर रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी घेतली तरी चालते. वेळ रोज एकच असणे अधिक महत्त्वाचे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर राखावे. गोळीवर लगेच कॉफी प्यायल्यानेही शोषण घटते. मात्रा वाढवूनही आकडा हलत नसेल तर मात्रा आणखी वाढवण्याआधी गोळी कशी आणि कशाबरोबर घेतली जाते हे नीट विचारावे. कितीतरी वेळा उत्तर तिथेच मिळते.

रक्तातील थायरॉक्सिन निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. या एका आकड्यात उपचाराचे सगळे वेळापत्रक दडलेले आहे. कोणतीही मात्रा सुरू केल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, म्हणून तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. दोन आठवड्यांत केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते आणि त्यावरून मात्रा बदलली की पुढचा गोंधळ सुरू होतो. याच कारणाने एखाद्या दिवशी गोळी चुकली तर घाबरण्यासारखे काही नसते, आणि बरे वाटते म्हणून कोणी ती थांबवली तर पहिले काही आठवडे काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही. ‘गोळी सोडली तरी मी ठणठणीत आहे’ हा अनुभव म्हणूनच फसवा असतो. सुधारणाही क्रमाने येते. उत्साह आणि थंडी वाजणे यांत काही आठवड्यांत फरक पडतो, त्वचा आणि केस यांना मात्र काही महिने द्यावे लागतात. मात्रा स्थिरावल्यावर सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा तपासणी पुरते.

मात्रा जास्त झाली तर तीही अपायकारक असते. टीएसएच दीर्घकाळ फार खाली दाबले गेले तर हृदयाची लय बिघडते आणि विशेषतः पाळी बंद झालेल्या स्त्रियांमध्ये हाडे विरळ होतात. वजन उतरावे म्हणून जादा गोळ्या घेणे म्हणजे या धोक्यांना आमंत्रण देणे होय.

उपचाराविना आजार टोकाला गेला, आणि त्यात जंतुसंसर्ग, कडाक्याची थंडी किंवा झोपेच्या औषधांची भर पडली, तर शरीराचे तापमान घसरते, श्वास मंदावतो आणि शुद्ध हरपू लागते. ही स्थिती क्वचित येते, पण जीवघेणी असते. तिच्यासाठी थेट अतिदक्षता विभाग गाठावा लागतो.

जिथे उशीर परवडत नाही

या आजारात धीर धरावा असे मी इतका वेळ सांगत आलो, परंतु गर्भावस्था आणि नवजात बाळ हे त्याला अपवाद आहेत. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी सुमारे बाराव्या आठवड्याच्या आसपास काम करू लागते आणि पुरेशी समर्थ व्हायला आणखी काही आठवडे लागतात. तोपर्यंत मेंदूच्या घडणीसाठी लागणारे थायरॉक्सिन आईकडूनच येते. म्हणून गोळी चालू असलेल्या स्त्रीने गर्भधारणेचा विचार करतानाच टीएसएच तपासावे आणि दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना कळवावे. मात्रा बहुधा २५ ते ३० टक्के वाढवावी लागते आणि गर्भावस्थेच्या पहिल्या अर्ध्या काळात दर चार आठवड्यांनी तपासणी करतात. या काळात गोळी बाळाला बाधेल या भीतीने ती बंद करणे ही सर्वांत घातक चूक होय.

सुमारे दोन ते चार हजार बाळांपैकी एकाची ग्रंथी जन्मतःच अपुरी असते किंवा नसतेच. असे बाळ जन्मताना सहसा पूर्ण निरोगी दिसते, कारण आईकडून आलेले थायरॉक्सिन अजून त्याच्या शरीरात असते. ते संपेपर्यंत आणि कावीळ रेंगाळणे, दूध कमी ओढणे, सतत झोपून राहणे, रडणे घोगरे होणे अशी लक्षणे उमटेपर्यंत मोलाचे आठवडे निघून जातात. त्यामुळे जन्मानंतर दोन-तीन दिवसांत बाळाच्या टाचेला बारीक टोचून रक्ताचे काही थेंब शोषकागदावर घेतात आणि त्यांतले टीएसएच किंवा टी-४ मोजतात. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर बहुसंख्य मुलांची बौद्धिक वाढ इतरांसारखीच होते. गोळी बारीक करून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात मिसळून चमच्याने देतात. ती भरलेल्या बाटलीत टाकत नाहीत, कारण बाटली संपली नाही तर मात्रा अपुरी राहते. ग्रंथी जागेवर असलेल्या मुलांमध्ये साधारण तिसऱ्या वर्षानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी काही आठवडे थांबवून पाहतात. त्यांतल्या काहींची ग्रंथी तोवर स्वतःचे काम पुरेसे करू लागलेली असते आणि त्यांना पुढे गोळीची गरज उरत नाही.